एका अक्षराची करामत

आमच्या पोलादपूरकडे पावसाळ्यात आभाळ फाटल्यागत कोसळतं आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून महाड-पोलादपुरात दाराशी पाण्याचं पिंप असतंच. त्यात वाढणारा घरगुती डास म्हणजे एडिस इजिप्ती, चिकुनगुनियाचा जुना वाहक. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस मात्र झाडाच्या ढोलीत, करवंटीतही वाढतो. पहिल्यासाठी पिंप कोरडं करता येतं. दुसऱ्यासाठी सारं कोकणच पिंप!

१९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. पुढची तीस वर्षं हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००५-०६ मध्ये परतला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने जपलेले जुने विषाणू नव्यांशी ताडून पाहिले. बार्शीचा आशियाई घराण्यातला, नवा आफ्रिकी! इतकंच नव्हे, तर पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत २००० साली सापडलेला विषाणूही आफ्रिकीच निघाला. पाहुणा आधीच घरात येऊन बसला होता.

त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एक तृतीयांश लोक आजारी पडले. तिथे इजिप्ती कमी, अल्बोपिक्टस उदंड. तिथल्या विषाणूच्या ई-१ या बाहेरच्या प्रथिनात २२६ व्या जागी अलानिनऐवजी व्हॅलिन आलं होतं. जनुकीय मजकुरात बदल एकाच अक्षराचा. पण हा योगायोग की कारण?

नुसत्या तुलनेने ते ठरत नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या गॅल्व्हस्टन इथे त्सेत्सार्किन आणि सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली. विषाणूचा जनुकसंच आरएनएचा. त्याची डीएनए प्रत वापरून त्यांनी नेमका तेवढाच बदल केला, तिच्यावरून पुन्हा आरएनए बनवला आणि पेशींत घालून जिवंत विषाणू मिळवला. बाकी सारं सारखं असलेले दोन विषाणू डासांना रक्तातून पाजले. व्हॅलिनवाला अल्बोपिक्टसमध्ये कितीतरी सहज रुजला. इजिप्तीत मात्र त्याला तसा फायदा झाला नाही. मला हा पुरावा कोर्टातल्या साक्षीपेक्षा पक्का वाटतो.

२००६ च्या साथीतल्या भारतीय विषाणूंत हा बदल नव्हता. २००७ मध्ये तो केरळात सापडला. तिथे रबराच्या मळ्यांत अल्बोपिक्टस भरपूर. घरातली पिंपं कोरडी करून भागेना, झाडांना बांधलेल्या चिकाच्या वाट्याही पालथ्या घालाव्या लागल्या.