मीनाची वही आणि धारपांची ‘लुचाई’

रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी भरलंय, हाताला जरा उसंत आहे. म्हणून आज बचत, कर्ज, हप्ता हे सगळं बाजूला ठेवून आम्ही एकोडीच्या बायका एका भुताच्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत. लहान लेकरं जवळ असतील तर आवाज थोडा कमी करा.

आमच्यापैकी ज्या साकोलीला बी.ए. करायला जात होत्या त्यांनी नारायण धारप वाचले ते बाकाखाली लपवून. घरी पुस्तक नेलं की आजी म्हणायची, दिवेलागणीला असलं वाचू नये. धारप १९२५ साली जन्मले, २००८ साली गेले. भयकथा म्हटलं की मराठी वाचकाच्या तोंडी पहिलं नाव त्यांचंच येतं. त्यांची एक कादंबरी आहे, ‘लुचाई’. ती वाचल्यावर आमच्यातली एक जण महिनाभर रात्री मागच्या दाराची कडी तीनदा बघायची.

नागझिऱ्याचं जंगल आपल्याला काही दूर नाही. ‘तुंबाड’ चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की, १९९३ साली ते तिथे मुक्कामाला असताना मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट ऐकवली आणि ते हादरून गेले. चित्रपट आला २०१८ साली. म्हणजे त्याचं बी आपल्याच रानात पडलं होतं.

आता ‘लुचाई’ आली कुठून? अमेरिकेच्या स्टीफन किंगची १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी धारपांनी आपल्या मातीत आणली. आणि किंगने ती कुठून आणली? तो शाळेत शिक्षक होता, मुलांना ‘ड्रॅक्युला’ शिकवायचा. एकदा जेवताना बायकोजवळ विषय निघाला, की हा ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर? त्यातून ती कादंबरी झाली. मूळ ‘ड्रॅक्युला’ ब्रॅम स्टोकर नावाच्या आयरिश माणसाने लिहिली, लंडनला १८९७ साली छापली गेली. लंडनहून अमेरिका, अमेरिकेहून पुणे, आणि पुण्याहून वाचनालयाच्या कपाटातून आपल्या बाकाखाली. मराठीला ही रीत नवी नव्हती. गो. ना. दातारांनी त्याच्याही कितीतरी आधी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी लुगडं नेसवलं होतं.

मूळ पुस्तकाची गोष्ट आम्ही समाजमंदिरात थोडी थोडी करून सांगितली. त्यात लूसी नावाची मुलगी आहे. एकाच दिवशी तिला तिघांची मागणी येते, इतकी लाडकी. रात्री ड्रॅक्युला येऊन तिचं रक्त पितो. तिला वाचवायला चार पुरुष आपलं रक्त देतात, तरी ती मरते. मेल्यावर हडळ होऊन लेकरांच्या मागे लागते. मग ज्याच्याशी तिचं लग्न ठरलेलं असतं तोच तिच्या छातीत खुंटा ठोकतो. इथे आमची एक साठीची मैत्रीण म्हणाली, “अवो, पण तिची चूक काय होती?”

कुणीच बोललं नाही. कारण सगळ्यांना तीच गोष्ट आठवली होती. दोन वर्षांमागे आपल्याच भागातल्या एका गटात एक विधवा बाई होती. शेजारचं लेकरू तापाने गेलं आणि कुजबुज सुरू झाली, हिनेच करणी केली. गावात बैठक बसली ती पुरुषांची. आम्ही गेलो तर आम्हाला म्हणाले, बायांचं इथे काम नाही. ती बाई बाहेर ओट्यावर बसली होती, आणि आत तिच्याबद्दल ठरत होतं.

मीनाचंही असंच होतं. मीना ही लूसीची मैत्रीण, शाळेत सहायक शिक्षिका. नाव तर आपल्या गल्लीतलं वाटतं. ती लघुलेखन शिकलेली, टंकलेखन यंत्र चालवणारी. सगळ्यांच्या रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं ती तारखेप्रमाणे लावते, टाइप करते, तेव्हा कुठे पुरुषांना शत्रू नीट दिसतो. आणि हे झाल्यावर पुरुष काय करतात? बाईमाणसाचं मन नाजूक, तिला यापुढे काही सांगायचं नाही असं ठरवतात. तिला खोलीत ठेवून हे बाहेर शोधत फिरतात, आणि ड्रॅक्युला नेमका तिच्यावरच येतो. नंतर चूक कळते आणि तिला परत सोबत घेतात. तो पळाला तेव्हा नदीच्या वाटेने जाणार हे नकाशे बघून तीच ओळखते. (शेवटी त्याच्या गळ्यावर चालते ती कुकरी. हे ऐकून सगळ्या खूश झाल्या.)

त्या बैठकीनंतर आम्हीही वहीच काढली. कोण काय म्हणालं, कोणत्या तारखेला, कुणासमोर, लेकराला दवाखान्यात किती दिवसांनी नेलं, सगळं लिहिलं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुणी करणी करते असा संशय पसरवून तिचं जगणं कठीण करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. वही घेऊन आम्ही परत गेलो. या वेळी आम्हाला बसायला सतरंजी दिली. ती बाई अजून गटात आहे, हप्ता कधी चुकवत नाही. दोघी जणी मात्र अजून तिच्या शेजारी बसत नाहीत.

पुस्तकाच्या पुढच्या अवतारांत मीनाची वही हरवली, याचा आम्हाला राग आहे. १९३१ च्या गाजलेल्या चित्रपटात ती फक्त घाबरते आणि वाचवली जाते. त्याआधीचा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’, १९२२ चा. त्यात बाई स्वतःचा जीव देऊन राक्षसाला पहाटेपर्यंत अडकवते आणि तो उन्हाने मरतो. उन्हाने मरणं ही त्या चित्रपटाची भर, स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो.

त्या जर्मन लोकांनी नावं बदलली, पण परवानगी घेतली नाही. स्टोकर १९१२ सालीच गेला होता. हक्क होता त्याच्या विधवेकडे, फ्लॉरेन्सकडे. ती कोर्टात गेली, वर्षानुवर्षं भांडली. १९२५ साली निकाल लागला, चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करा. काही प्रती तरी वाचल्या, म्हणून तो आज बघायला मिळतो. कलेच्या बाजूने बघितलं तर बरं झालं म्हणावं लागतं. तिच्या बाजूने बघितलं तर तसं म्हणवत नाही.

हे सांगून झालं तेव्हा मागून प्रश्न आला, “मंग तिले पैसे भेटले का?”

त्या कंपनीकडून नाही भेटले. तिचं दिवाळं निघालं होतं. पण नाटकाचे आणि नंतर बोलपटाचे हक्क विकताना फ्लॉरेन्सची सही लागली, आणि त्याचे पैसे तिला मिळाले.