खांद्यावरून खुर्चीत

आगबोट रत्नागिरीला 'लागायची' असं जुनी माणसं सांगतात, पण ती धक्क्याला कधी लागत नसे. खोल पाण्यात नांगर टाकून ती उभी राही आणि भोंगा देई. मग किनाऱ्यावरून पडाव निघत आणि डुलत्या बोटीच्या कुशीला येऊन थांबत. शिडीवरून उतरणारा माणूस लाट वर येण्याची वाट बघे आणि ती आली की खलाशाच्या हातांत स्वतःला सोडून देई. कोकणातल्या कित्येक बंदरांत तर पडावही काठापर्यंत पोचत नसे. ओहोटी असली की उरलेलं गुडघाभर पाणी आणि चिखल खलाशाच्या खांद्यावर बसून पार करायचा. कचेरीतला मामलेदार, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक, शिमग्याला घरी आलेला गिरणीकामगार, सगळे असेच किनाऱ्याला लागत. उचलून घेण्यात कमीपणा वाटावा, अशी सोयच नव्हती.

बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या काळापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुंबई, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी अशी ही वाट चालली. पावसाळ्यात ती बंद. या वाटेवर लंगडा आणि धडधाकट यांच्यात फरक होता तो फार तर खलाशाला द्यायच्या जादा आण्यांचा. पुढे रस्ते आले, गाड्या आल्या, विमानं आली. प्रत्येक नव्या वाहनाला आपापली पायरी होती, आणि ती चढता येणारे एकीकडे, न येणारे दुसरीकडे, अशी प्रवाशांची वाटणी या पायरीनेच केली.

रत्नागिरी जिल्ह्याचा भूगोलच मुळी पायरीचा. घर डोंगराच्या कुशीत, विहीर खाली, देऊळ वर, आणि त्यांना जोडणारी जांभ्या दगडाची पाखाडी. पाखाडी म्हणजे नुसती वाट नव्हे. ती पावसात शेवाळते, उन्हात तापते आणि गुडघे धरलेल्या माणसाला घरात कोंडून ठेवते. श्रीमंतांकडे मेणे होते, ते वाहायला भोई होते. बाकीच्यांसाठी डोली: एक जाड बांबू, त्याला बांधलेली घोंगडी नाहीतर खुर्ची, आणि चार गडी. उतारावर उंच गड्याला पुढे घालायचं, म्हणजे आतलं माणूस पुढे घसरत नाही. चढावर तोच गडी मागे. हे कुणी पुस्तकात लिहिलेलं नाही, पण ज्या वाडीत अजून गाडीरस्ता नाही तिथल्या पोरांना ते ठाऊक असतं. पालखी आता नाचते ती फक्त शिमग्यात, देवाची. माणसांसाठी डोली मात्र अजून निघते, आणि बहुतेक वेळा दवाखान्याच्या दिशेनेच.

एसटी आली तेव्हा डोली सडकेपर्यंतच लागायची. एसटीच्या पायऱ्या उंच. दांड्याला धरून चढणाऱ्याला कंडक्टर वरून हात देई आणि खालून कुणीतरी ढकली. दिव्यांगांना भाड्यात पाऊणपट सवलत मिळते. पायरी मात्र आहे तेवढीच राहिली, म्हणजे तिकीट स्वस्त आणि चढणं महाग. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि मुंबई एका रात्रीवर आली. रेल्वेगाड्यांना दिव्यांगांचा वेगळा डबाही असतो. फक्त तो गाडीच्या अगदी टोकाला असतो, आणि गाडी स्थानकात थांबते मोजकी मिनिटं.

आकाशातली गोष्ट वेगळीच सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान मुंबईत जुहूला उतरवलं. त्यात प्रवासी नव्हते, पत्रं होती. पुढच्याच वर्षी, १९३३मध्ये, अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण-अभियंत्याने, ज्याला स्वतःला चालता येत नव्हतं, हॅरी जेनिंग्ज या मित्राच्या मदतीने घडी घालता येणारी चाकाची खुर्ची बनवली. एव्हरेस्टला ती मोटारीत टाकता यायला हवी होती. भारतातली नागरी विमानसेवा आणि घडीची खुर्ची यांच्या वयात जेमतेम एका वर्षाचं अंतर आहे. दोघींची रीतसर ओळख व्हायला मात्र पाऊण शतक जावं लागलं.

मधल्या काळात माणसं उडत नव्हती असं नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. एक गोळी मणक्यात राहिली. १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. अपंग प्रवाशाला विमानात कसं न्यावं याविषयी आपल्याकडे तेव्हा स्वतंत्र नियमावली नव्हती. कायद्याने या विषयाकडे पाहिलं ते १९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमात. रेल्वे, बस, बोट आणि विमान अपंगांना चढता-उतरता येईल असं करावं, असं त्यात म्हटलं होतं, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. या तीन शब्दांत किती शिड्या अडकून पडल्या असतील! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, स्वतंत्र नियमावली आली ती २००८मध्ये. अमेरिकेने असा कायदा १९८६मध्येच केला होता.

कागद आला म्हणजे वागणं बदललं असं नव्हे, हे गोव्याच्या वाटेवर दिसलं. मुंबईत १९७२मध्ये मिठू अलूर यांनी सुरू केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचं नाव पुढे 'अडॅप्ट' झालं. या संस्थेने फेब्रुवारी २०१२मध्ये गोव्यात एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती, विषय अर्थातच अपंगांचे हक्क. कोलकात्याच्या कार्यकर्त्या जीजा घोष तिथे निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. १९ फेब्रुवारीला त्या स्पाइसजेटच्या विमानात जागेवर बसल्या होत्या, तेवढ्यात त्यांना उतरायला सांगण्यात आलं. वैमानिकाला त्यांची प्रकृती प्रवासाला योग्य वाटली नाही. डॉक्टरला मात्र कुणी विचारलं नव्हतं. हक्कांवरची परिषद अशा रीतीने हक्काच्या माणसाशिवाय झाली. घोष आणि अडॅप्ट सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मे २०१६ला न्यायालयाने कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि अपंग व्यक्तीला हवी असते ती दया नव्हे, सन्मानाची वागणूक, असं बजावलं. त्याच वर्षी डिसेंबरात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले.

तरीही मे २०२२मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं गेलं नाही. डीजीसीएने विमान कंपनीला पाच लाखांचा दंड केला आणि नियमात दुरुस्ती केली: प्रवाशाची तब्येत प्रवासाला योग्य नाही असं कंपनीला वाटत असेल, तर विमानतळावरच्या डॉक्टरचं मत आधी घ्यायचं. जीजा घोष यांच्या वेळी जे कुणाला सुचलं नाही, ते नियमात उतरायला दहा वर्षं गेली.

विमान कंपन्यांची स्वतःची एक सांकेतिक भाषा आहे आणि ती पाखाडीवर वाढलेल्या माणसाला चटकन कळावी. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, मात्र विमानाच्या आत जागेपर्यंत चालता येतं. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे थेट आसनापर्यंत न्यावं लागतं. तिकीट काढताना या तिन्हींतलं नेमकं कोणतं ते सांगावं लागतं, आणि मदत हवी असल्याचं किमान ४८ तास आधी कळवायचं असतं. घरची मंडळी बहुधा नुसतं 'व्हीलचेअर' सांगून मोकळी होतात. विमान दूर मैदानात उभं राहिलं आणि समोर शिडी आली, की चुकीच्या अक्षराची किंमत कळते.

तिसऱ्या प्रकारच्या प्रवाशाचं काय होतं हे पाहण्यासारखं आहे. त्याची स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत येते आणि तिथून सामानाच्या पोटात जाते. बॅटरीवर चालणारी असेल तर त्याआधी बॅटरीची चौकशी. आसनांच्या मधली गल्ली जेमतेम दीड फुटाची, म्हणून एक अरुंद, हात नसलेली, पट्ट्यांची खुर्ची आणतात. एक कर्मचारी मागून काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली धरतो, आणि माणूस एका खुर्चीतून दुसरीत जातो. शिडीच असेल तर अ‍ॅम्ब्युलिफ्ट येते: ट्रकवर बसवलेली खोली, जी खुर्चीसकट दारापर्यंत उचलली जाते. ती नसेल तर पुन्हा माणसंच. पडावातल्या खलाशाचा हात नेमका कुठे लागायचा हे ज्यांनी आजोबांकडून ऐकलं आहे, त्यांना ही पकड नवी वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे दीडशे लोक खिडकीतून बघत असतात आणि त्यांतल्या कुणालाच उचलून घ्यायचं नसतं.

पायाला काही झालेलं नसतानाही खुर्ची मागणारे आहेत, आणि त्यात मराठी घरं मागे नाहीत. मुलगा न्यू जर्सीला, आई रत्नागिरीला. तिला इंग्रजी येत नाही, मधल्या विमानतळावर दुसरं विमान गाठायचं आहे. मुलगा तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवतो. तिला चालता येतं, पण खुर्ची ढकलणारा माणूसच तिचा दुभाष्या, वाटाड्या आणि रांग मोडून नेणारा भाऊ असतो. यावर हसणं सोपं आहे. खरं तर त्या आईलाही पायरीच अडवते, ती दगडाची नसते एवढंच. पण खुर्च्या मोजक्याच असतात. १२ फेब्रुवारी २०२४ला न्यू यॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी पत्नीसाठी आणि स्वतःसाठी दोन खुर्च्या सांगितल्या होत्या, आली एकच. पत्नी खुर्चीत बसली, ते तिच्याबरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. विमान कंपनीला तीस लाखांचा दंड झाला.

सुरक्षा तपासणी हा वेगळाच घाट. मुंबईच्या नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१मध्ये एक चित्रफीत प्रसिद्ध केली: दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, ज्येष्ठ नागरिकांसारखं एखादं ओळखपत्र आम्हाला का नाही? केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ज्या पायावर त्या देशभर नाचल्या, तो यंत्राला कायम संशयास्पदच वाटत आला होता.

रत्नागिरीला धावपट्टी आहे, तटरक्षक दलाची विमानं ती वापरतात. प्रवासी विमानाची वाट शहर वर्षानुवर्षं बघत आलं आहे. तोवर मुंबई, कोल्हापूर, मोपा किंवा ९ ऑक्टोबर २०२१ला उद्घाटन झालेलं सिंधुदुर्गातलं चिपी. चिपीची सेवा एटीआर जातीच्या लहान विमानांनी सुरू झाली. या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि दाराची आतली बाजूच शिडी होऊन खाली येते. पायऱ्या थोड्या, पण अरुंद. रत्नागिरीहून उडेल तेही बहुधा याच अंगाचं असेल. 'एस' अक्षराच्या प्रवाशाने तिकीट काढताना विचारायचं ते हेच: शिडीला जोडायचा उतार तिथे ठेवला आहे का, आणि तो आणायला माणूस कामावर आहे का. वाडीतल्या चौघांना डोलीचं आदल्या संध्याकाळी सांगितलं तरी चालतं. सकाळच्या गाडीसाठी ते पहाटे चारला पाखाडीवर हजर असतात.