पुनरुत्थान, ख्रिस्ताचे

क्रुसावर मरण पावलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा. तिच्या स्मरणार्थ ईस्टरचा सण पाळतात. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. तसेच देहातून सुटलेल्या आत्म्याचे केवळ अमरत्वही नव्हे. योहानकृत शुभवर्तमानानुसार उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण कायम होते. दुःख घडलेच नाही असे नाही, मात्र त्याची सत्ता संपली, असा त्याचा अर्थ केला जातो.

सेंट पॉलने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय याच विषयावर आहे. त्याचा शेवट परलोकाच्या वर्णनाने न होता, प्रभूसाठी केलेले श्रम व्यर्थ जात नाहीत या आश्वासनाने होतो. पुढील अध्यायाच्या आरंभीच गरजू बांधवांसाठी वर्गणी जमविण्याची सूचना येते. पुनरुत्थानाचा संबंध अशा रीतीने रोजच्या कष्टांशी व परस्परसाहाय्याशी जोडलेला आहे.

महाराष्ट्रातील पहिल्या पिढ्यांच्या ख्रिस्ती कुटुंबांना आप्त व जात यांपासून तुटावे लागले. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर नासिकजवळील जलालपूरच्या लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. जातिभेदाचा त्याग करून त्यांनीही १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. या दांपत्याने अनाथ मुलांना घरात आश्रय दिला. टिळकांच्या मृत्यूने (१९१९) अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य लक्ष्मीबाईंनी वैधव्यात पुढे नेले.