हिंगणघाटची बनी

फ्रान्समधील बोर्दो आणि शँपेन या प्रांतांची नावे तेथील द्राक्षमद्याने जगभर नेली. आपल्या वणा नदीकाठच्या हिंगणघाटचे नावही एके काळी असेच साता समुद्रांपलीकडे गेले होते. मात्र ते द्राक्षांमुळे नव्हे, कापसामुळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कापूसबाजारात 'हिंगणघाट' हे केवळ गावाचे नाव नव्हते, ते मालाचे नाव होते. हे नाव कसे मिळाले आणि कसे गेले, हे दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

वणा ही वर्धा नदीला मिळते. या खोऱ्यातील काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; भेगांत वरची माती पडून जमीन आपोआप खालीवर होत राहते. मृगात पेरलेल्या पऱ्हाटीला पाऊस लाभतो तो मुख्यतः सप्टेंबरपर्यंतच. पुढे वेचे संपेपर्यंत तिला मातीने धरून ठेवलेल्या ओलीवरच जगावे लागते. देशी कपाशीचे सोटमूळ खोल जाऊन ही ओल शोधते, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या, निरभ्र हवेत बोंडे स्वच्छ फुटतात. 'बनी' ही अशा जमिनीत रुळलेली जात. तिचा धागा देशी कपाशीच्या मानाने लांब आणि मऊ होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा साऱ्यांची दृष्टी या खोऱ्याकडे वळली. मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक यांच्यासारखा स्वतंत्र कापूस कमिशनर नेमण्यात आला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. जमशेटजी टाटांनी १८७७ साली आपली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरास काढली, ती कापसाचा मुलूख जवळ म्हणूनच. हिंगणघाटातही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले.

मग बनी गेली कोठे? शेतकरी लोभी झाला, त्याने हलके बियाणे पेरले, असे म्हणणे सोपे आहे. ते न्यायाचे नाही. शंभर शेर बनी कापसातून रुई निघे पंचवीस शेरांच्या आसपास. आखूड धाग्याच्या जाड जातींतून ती चाळीस शेरांपर्यंत जाई. बाजार वजन पाही, आणि चांगल्या धाग्याला मिळणारा जादा भाव ही तूट भरून काढीत नसे. त्यात जिनांमध्ये निरनिराळ्या जातींची सरकी एकत्र होई, आणि तीच पुढच्या वर्षी बियाणे म्हणून शेतात जाई. ज्या बाजाराने बनीची कीर्ती गायिली, त्यानेच तिला शेतातून घालविले.

पुढचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. १९७० मध्ये 'एच-४' हा पहिला संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली. उत्पन्न वाढले, धागाही लांब झाला. पण बियाणे दरसाल विकत घ्यावे लागू लागले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील शेते पोखरली, तेव्हा त्या बियाण्याचे अभयही पुरे नव्हते, हे दिसून आले.

बनी जशीच्या तशी परत आणा, असा याचा अर्थ नव्हे. पण बोर्दोचे द्राक्ष टिकले ते केवळ मातीमुळे नव्हे. मातीच्या गुणाला मोल देणारा बाजार तेथे उभा राहिला म्हणून. वणेकाठची माती आजही तीच आहे. उणीव होती ती तराजूची.