सकाळी झेंडा, रात्री वामनदादा

आमच्या नाशिकरोडच्या वस्तीत १५ ऑगस्टला सकाळी झेंडा आणि रात्री वामनदादा, असा जुना रिवाज आहे. लोककवी वामनदादा कर्डकांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. म्हणजे स्वातंत्र्यापेक्षा दादा पंचवीस वर्षांनी थोरले, असं आमचे तात्या दर वर्षी माईकवरून सांगायचे आणि लोक दर वर्षी हसायचे. आता माईक माझ्याकडे आलाय. विनोद मी तोच ठेवलाय.

हे सगळं सुरू कधी झालं, यावर घरात अजून भांडण आहे. तात्या म्हणायचे, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली दादा वाटेवर असताना आमच्याकडे उतरले, रात्रभर गायले, आणि त्या रात्रीची आठवण म्हणून पुढच्या वर्षीपासून कार्यक्रम. आत्या म्हणते, आदल्या साली नाही, दुष्काळातच. कारण दादांच्या ताटात मिलोची, त्या दुष्काळातल्या रेशनच्या ज्वारीची, लाल भाकर वाढावी लागली म्हणून आजी चुलीपाशी डोळे पुसत होती, हे तिला लख्ख आठवतं. दादांनी म्हणे ती भाकर कुस्करून कालवणात घातली आणि आणखी एक मागून घेतली. मी आत्याच्या बाजूची आहे. तात्या प्रेसमध्ये नोटा मोजणारे, आकडे त्यांचे पक्के. पण चूल त्यांनी कधी पाहिली होती?

आजीला अक्षरओळख नव्हती. म्हणूनच की काय, दादांची पत्राची गोष्ट तिच्या फार जवळची. मुंबईत शिवडीच्या चाळीत राहत असताना कुणीतरी दादांकडे पत्र वाचायला दिलं आणि दादांना वाचता येईना. ते त्यांना इतकं लागलं की त्यांनी बाराखडी गिरवायला घेतली आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या जुळवून जुळवून वाचायला शिकले. आजी हे अशा थाटात सांगायची की पत्र तिच्यासमोरच आलं होतं. ती तर मुंबईला उभ्या जन्मात गेली असेल-नसेल. कधी ते पत्र कुणाच्या बहिणीचं असायचं, कधी गावाकडच्या आईचं. आम्ही चूक काढली की म्हणायची, “पत्र कुनाचं का असंना, वाचता आलं नाही ना?”

आमच्या आजोबांचे वडील काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते, १९३०च्या. आजोबा १९५६च्या ऑक्टोबरात दीक्षेसाठी नागपूरला जाऊन आले, आणि आल्या आल्या घरातले देव गोदावरीत सोडले. या सगळ्याचा इतिहास पुस्तकांतून आहे. पण देव गेल्यावर बायांनी जात्यावर काय म्हणायचं? जुन्या ओव्या तर सगळ्या विठोबाच्या, खंडोबाच्या. आजी सांगायची, काही दिवस मुकाट्याने दळलं बाई. मग भीमाची, रमाईची, बुद्धाची गाणी आली आणि तोंडं परत उघडली. त्यातली कितीतरी वामनदादांची. चाल ओळखीची, कधी सिनेमाची, कधी कव्वालीची, शब्द आपल्या घरातले, आणि शेवटच्या कडव्यात ‘वामन’ असं नाव गुंफलेलं. आमच्याकडे अजून लोक त्या नावाची वाट बघत बसतात. ते आलं की पोरंसुद्धा टाळी देतात.

दादांनी हजारोंनी गाणी लिहिली आणि लिहिली तशी वाटली. गावात एखादा गळा बरा दिसला की गाणं त्याच्या हवाली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे संग्रह सत्तरच्या दशकात निघाले, तरी खरा संग्रह लोकांच्या वह्यांतच पडलेला. आमच्याकडेही एक वही आहे. आजी डाळ निवडताना गायची आणि आत्या लिहून घ्यायची. शाळकरी अक्षर, मध्येच तेलाचे डाग, एका पानावर किराण्याचा हिशेब. त्यातलं एक कडवं छापील पुस्तकाशी जुळत नाही. छापलेलं खरं की आजीचं, यावरून दर वर्षी वाद होतो, आणि दर वर्षी आजीचंच गायलं जातं.

तारीख नेमकी वर्षावासात येते. विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालू असतं, त्या दिवशी ते लवकर आटोपतं आणि ढोलकी, हार्मोनियम, खंजिरी आत येतात. बाहेर मांडव घालायची हौस आम्ही केव्हाच सोडली. ऑगस्टचा पाऊस मांडवाला ऐकत नाही. जेवण पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा. त्यात आत्याचा कायदा कडक: ठेचा ढोलकीवाल्याला, गाणाऱ्याला फक्त तूप-गूळ, आणि गळेवाल्याला ताक मुळीच नाही. कुणी दहाची नोट बक्षीस दिली की नाव पुकारायचं. बाईने दिली तर तात्या ‘अमक्याची आई’ म्हणायचे नाहीत, तिचं नाव विचारून घ्यायचे. काही म्हाताऱ्या आपलंच नाव सांगताना लाजायच्या.

पुढाऱ्यांचे सत्कार मधेच घुसतात, ते मी दोन मिनिटांत उरकते. ‘सांगत्ये ऐका’ सिनेमातलं दादांचं ते फर्मास गाणं विहारात म्हणावं की नाही, हा जुनाच पेच. आमची तोड अशी की ते भटारखान्यात म्हणायचं. भाकऱ्या थापणाऱ्या बाया ते सगळ्यांपेक्षा ठसक्यात म्हणतात.

पूर्वी पहाट व्हायची. आता दहाला माईक बंद, कायदाच आहे. पहिल्या वर्षी मला वाईट वाटलं होतं. पण माईक बंद झाल्यावर पोरं पांगतात, म्हातारी माणसं पुढे सरकतात आणि ढोलकीवर नुसती बोटं फिरतात. त्यानंतर जी गाणी निघतात ती कॅसेटवर नव्हती, डीजेवर तर येणारच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, आमचा खरा कार्यक्रम दहानंतरच होतो. भिंती हादरवणाऱ्या डीजेत दादांचा एक शब्द ऐकू येत नाही, आणि शब्द ऐकू आला नाही तर दादांचं नाव घ्यायचं कशाला?

१५ मे २००४ला दादा गेले. त्यांच्यासमोर बसून गाणं ऐकलेली माणसं आता वस्तीत थोडी उरलीत. म्हणून एक विनंती. तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, आजीच्या पातळाच्या घडीत अशी एखादी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढून ठेवा, आणि चाल ज्यांना येते त्यांच्याकडून ती याच महिन्यात मोबाईलवर गाऊन घ्या. शेवटचं कडवं नसलं तरी चालेल. ते दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत असतं.