आत्याचं भैंसा आणि आमचं उदगीर

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. वैतागला होता. कंपनीतल्या वरच्या साहेबांसाठी त्याने वीस पानांचा प्रस्ताव केला आणि ज्यांचा संबंध येतो अशा सगळ्यांना मत मागायला पाठवला. उत्तरं काय आली? "छान आहे", "ओके". दोघातिघांनीच नीट वाचून लिहिलेलं. "मामा, लोकांना मत विचारावं तरी कशाला?"

मी त्याला उदगीरची गोष्ट सांगितली. मंडळी, तीच इथे उतरवतो.

डिसेंबर १९५३ मध्ये केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. अध्यक्ष फाजल अली, सोबत हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर. आयोगाने लोकांकडून निवेदनं मागवली. किती यावीत? १,५२,२५० कागद! त्यात बहुतेक तारा, ठराव, एकाच मजकुराच्या प्रती. नीट विचार करून लिहिलेली निवेदनं दोन हजाराच्या आसपासच, असं आयोगानेच म्हटलं आहे. भाच्याला हा आकडा सांगितला तेव्हा तो पहिल्यांदा हसला. पण तिघे सदस्य नुसते कागदावर थांबले नाहीत. १०४ ठिकाणी गेले, नऊ हजारांवर माणसांशी बोलले.

तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात, निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यात. आमचे वडील सह्या गोळा करत हिंडायचे असं आई सांगायची. वडिलांचं शिक्षण उर्दूतून, मराठी अर्ज लिहायचा तर घाम फुटायचा. मग गावातले एक वकील मजकूर सांगत आणि हे बसून प्रती काढत. म्हणजे त्या दीड लाखातले काही कागद आमच्या ओसरीवरचे असणार, आणि ते दोन हजारांत खचितच नसणार!

३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल सादर झाला. जिल्हे शक्यतो फोडायचे नाहीत असा आयोगाचा कल. त्यामुळे अख्खा बीदर जिल्हा हैदराबादकडे, म्हणजे उदगीरही तिकडेच. आदिलाबाद अख्खा तिकडे, म्हणजे किनवटही. उलट नांदेड जिल्हा अख्खा मुंबई राज्यात. आमची आत्या भैंशाला दिलेली. भैंसा तेव्हा नांदेड जिल्ह्यात. म्हणजे अहवालाप्रमाणे आत्या मराठी राज्यात आणि वडील बाहेर. घरात काय वातावरण असेल बघा.

पण अहवाल म्हणजे निर्णय नव्हे. विधेयकावर राज्यांच्या विधिमंडळांचं मत घ्यावं लागतं, घटनेचं तिसरं कलम तसं सांगतं. राज्यांनी उत्तरच दिलं नाही तर? म्हणून डिसेंबर १९५५ मध्ये पाचवी घटनादुरुस्ती करून मत कळवायला मुदत घालायची सोय केली. (भाचा म्हणाला, "डेडलाइन!" हो बाबा, तीच.)

१९५६ चा कायदा झाला तेव्हा नकाशा पार बदललेला. बीदरचे तीन तुकडे. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्याला जोडलेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसूरकडे. किनवट इकडे आलं. आणि नांदेडमधून मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कलं आणि देगलूरची बिच्कुंदा, जुक्कल ही सर्कलं तिकडे गेली. जिल्हा न फोडण्याचं तत्त्व गेलं, भाषेप्रमाणे तालुके आणि सर्कलं वाटली गेली.

१ नोव्हेंबर १९५६. मी शाळेत नुकताच जायला लागलो होतो. वडिलांनी पेढे आणले आणि आईने एकही खाल्ला नाही, एवढं आठवतं. आत्या आणि आईचं फार सख्य होतं. भैंसा काही हललं नव्हतं, एसटीनं जाता येत होतंच, पण आत्याची मुलं पुढे तेलुगू शाळेत गेली आणि आम्हाला पत्र लिहायचं तर आत्याच लिहायची, मुलं नाहीत.

उदगीर, निलंगा, अहमदपूर १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहेत. भैंसा आंध्रातून २०१४ मध्ये तेलंगणात आलं, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात. आत्या राहिली एकाच घरात.

भाचा म्हणाला, "मग मामा, आजोबांच्या सह्यांचा उपयोग झाला म्हणायचं की नाही?" वडील हयात असताना मीही त्यांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "उदगीरसाठी मी सह्या घेतल्या. भैंशासाठी कोण फिरलं होतं कुणास ठाऊक."