संगणकाच्या पडद्याचे जिफ: कोणते मोफत सॉफ्टवेअर निवडावे?

सातबारा उतारा ऑनलाइन कसा पाहायचा, हे गावी असलेल्या भावाला फोनवरून समजावणे म्हणजे परीक्षाच. "जिल्हा निवडलास? आता तालुका. नाही, त्याच्या खालचा चौकोन." हेच आठ-दहा सेकंदांच्या हलत्या चित्रात दाखवले, तर त्याला पुन्हा पुन्हा बघता येते. आवाज लागत नाही, प्लेचे बटण दाबावे लागत नाही. संगणकाच्या पडद्यावरची हालचाल टिपून अशी जिफ फाइल बनवणारी चांगली सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मात्र निवड करण्यापूर्वी जिफ काय झेपवू शकते, हे ठाऊक हवे.

कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने हा फाइल प्रकार १९८७ मध्ये आणला. त्याच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. सलग एकाच रंगाचे पट्टे तो छान आवळतो, म्हणून मेनू, फॉर्म, एक्सेलची पाने यांचे जिफ लहान होते. फोटो किंवा चालू व्हिडिओ टिपला, की रंग डागाळतात आणि फाइल फुगते. पान स्क्रोल केले तरी हेच होते, कारण प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळेच चित्र बदलते.

यातून कामाची गोष्ट निघते: सॉफ्टवेअर कोणतेही असो, पडद्याचा लागेल तेवढाच भाग टिपावा. १९२० बाय १०८० च्या पूर्ण पडद्यात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. ८०० बाय ६०० च्या चौकटीत फक्त ४.८ लाख. सेकंदाला १० फ्रेम पुरतात. ३० ठेवल्या तर दहा सेकंदांत १०० ऐवजी ३०० फ्रेम होतात आणि समजण्यात काडीचा फरक पडत नाही.

विंडोजवर पहिली पसंती स्क्रीनटूजिफला द्यावी. ते मुक्तस्रोत आहे, त्यात वेळेची मर्यादा नाही आणि चित्रावर कंपनीचा शिक्काही उमटत नाही. त्याची खरी ताकद मात्र रेकॉर्डिंगनंतर दिसते. सगळ्या फ्रेम संपादकात ओळीने मांडल्या जातात. माउस भरकटला त्या फ्रेम काढून टाकता येतात, महत्त्वाची फ्रेम जास्त वेळ थांबवता येते, चित्रावर "इथे गट क्रमांक टाका" असे देवनागरीत लिहिता येते. चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड करायला नको. नवख्या माणसाला तर याचाच मोठा आधार, कारण पहिल्या झटक्यात नीट रेकॉर्डिंग फार थोड्यांचे होते.

लाइसकॅप याच्या अगदी उलट आहे. एक रिकामी चौकट पडद्यावर हवी तिथे ठेवायची, फाइलचे नाव द्यायचे, रेकॉर्ड करायचे, थांबवायचे, फाइल तयार. संपादन नाहीच. जुन्या, धिम्या संगणकावरही ते निमूट चालते. विंडोज आणि मॅक दोन्हींवर मिळते. मॅकवर जरा देखणे काही हवे असेल, तर कॅप हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यातून जिफ आणि एमपी४ दोन्ही काढता येतात. मॅकवर कोणतेही सॉफ्टवेअर वापरा, सेटिंग्जमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी आधी द्यावी लागते.

विंडोजवरच्या शेअरएक्सचेही नाव अनेकदा सुचवले जाते. तेही मोफत आहे आणि जिफ बनवते, पण मुळात ते स्क्रीनशॉट घेऊन इंटरनेटवर चढवण्याचे साधन आहे. केवळ जिफसाठी ते घेणे म्हणजे सुईच्या कामाला दाभण. घेतलेच, तर अपलोडचे पर्याय बंद आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे.

लिनक्सवर बरीच वर्षे पीकचा बोलबाला होता, पण त्याचा विकास आता थांबला आहे आणि वेलँडवर ते धड चालत नाही. ग्नोमच्या स्वतःच्या रेकॉर्डरने व्हिडिओ घ्यावा आणि एफएफएमपेगने त्याचे जिफ करावे, हा टिकाऊ मार्ग. त्यात पॅलेटजेन हा फिल्टर वापरला नाही, तर रंग हमखास बिघडतात.

शोधताना "मोफत" या शब्दावर मात्र विसंबू नये. बरीच "मोफत" सॉफ्टवेअर प्रत्यक्षात चाचणी आवृत्त्या असतात. चित्रावर ठसा उमटवतात किंवा ठरावीक वेळेनंतर पैसे मागतात. सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावे.

आणखी एक धोका सहज नजरेतून सुटतो. पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर झळकलेला ओटीपी किंवा फॉर्ममध्ये टाकलेला मोबाइल क्रमांक जिफमध्ये कायमचा राहतो, आणि फ्रेम सुटी करून तो कुणालाही वाचता येतो. रेकॉर्डिंगपूर्वी सूचना बंद कराव्यात. तरीही काही दिसलेच, तर स्क्रीनटूजिफमध्ये तेवढा भाग धूसर करता येतो. तो प्रत्येक फ्रेममध्ये झाकला गेला का, हे तपासावे. लाइसकॅपमध्ये ही सोय नाही, तिथे रेकॉर्डिंग पुन्हा करणे आले.

पाठवायचे कुठे, यावरही निवड ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे "जिफ" आतून बिनआवाजाचा एमपी४ व्हिडिओच असतो, त्यामुळे तिथे थेट व्हिडिओ पाठवला तरी चालते आणि फाइलही बरीच लहान राहते. ईमेलसाठी जिफ सोयीचे, पण आउटलुकच्या काही जुन्या आवृत्त्या फक्त पहिली फ्रेम दाखवतात. तेव्हा पहिली फ्रेम कोरी ठेवू नये. काय करायचे आहे, ते तिच्यावरच लिहून टाकावे.